दाराला कुलूप लावण्याआधी

(दसऱ्याच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, कन्नड तालुक्यातल्या एका वस्तीवर झालेल्या बैठकीतलं भाषण. ज्या वस्त्यांना येता आलं नाही त्यांनी ते आपल्या बैठकीत वाचून दाखवावं, म्हणून इथे देत आहोत.)



बैठकीला आज माणसं कमी दिसतात. का ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुकादमाची गाडी पंधरा दिवसांपासून वस्त्या-वस्त्यांवर फिरते आहे. काही घरांनी उचल घेतली, काही घ्यायच्या बेतात आहेत. दोन-चार पोरं कालच्या एसटीनं संभाजीनगरला गेली, कंपनीत कुठे चिकटता येतं का ते बघायला. यंदा पावसानं दगा दिला. सबंध देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असं हवामान खातं सांगतं. ते कळायला आपल्याला खात्याची गरज नव्हती म्हणा. मका कमरेएवढा झाला आणि उभ्यानं वाळला. घरात दाणा नसल्यावर माणूस बसून राहणार कसा?

तेव्हा जाणाऱ्यांना नावं ठेवायला आम्ही उभे राहिलो नाही. आम्हीही कोयता धरलाय, वाळूजला हेल्परी केलीय, शहागंजच्या नाक्यावर डबा घेऊन उभे राहिलोय. जे बघितलं ते सांगतो. त्यावरून काय करायचं ते आज सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे.

नाक्यावर भाव कोण ठरवतो?

औरंगाबाद, म्हणजे आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर, लांबून बघितलं तर कामाचं गाव दिसतं. चिकलठाण्याला एमआयडीसी, वाळूजला एमआयडीसी, शेंद्र्याला आणि बिडकीनला ऑरिकची नवी वसाहत. एवढे कारखाने, एवढी गेटं. पोराला वाटतं, एवढ्यात एक जागा आपल्यासाठी नसेल का? वाटण्यात चूक नाही. पण गेटवर जाऊन बघा. कायम नोकरीची जागा क्वचित निघते, ती आयटीआय झालेल्याला, त्यातही ओळख असलेल्याला. बाकीचं काम कंत्राटदारामार्फत. सहा-सात महिने ठेवायचं, मग ‘ब्रेक’ द्यायचा, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत घ्यायचं. आपल्या एका पोरानं चार वर्षांत पाच कंत्राटदार बदलले. मशीन तेच, गेट तेच. पण नोकरी किती वर्षांची, असं विचारलं तर कागदावर एकही वर्ष पुरं भरत नाही.

ज्याला गेटवर घेत नाहीत तो नाक्यावर येतो. शहागंज, पीर बाजार, मुकुंदवाडी, रोज सकाळी इथे माणसांचा बाजार भरतो. गाडी थांबली की दहा-पंधरा जण धावतात. मिस्तरीच्या हाताखाली, स्लॅबवर, नाली खोदायला. एक म्हणतो सहाशे. त्याच्या मागचा म्हणतो पाचशे. तिसऱ्याची बायको-पोरं कालच गावाहून आलेली असतात, खोलीवाला भाड्यासाठी दारात बसलेला असतो. तो म्हणतो, “साडेतीनशे द्या साहेब, पण घ्या.” गाडी त्यालाच घेऊन जाते. दहा वाजले की उरलेले डबा तसाच घेऊन परत फिरतात. दुसऱ्या दिवशी पाचशेवाला आपण होऊन चारशेवर येतो.

आता विचार करा, तो साडेतीनशेवाला कोण असतो? पुष्कळ वेळा आपल्यातलाच. डोंगरातून आलेला, मागं काही नसलेला. ज्याच्या घरी चार पोती बाजरी आहे तो साडेतीनशेला मान हलवत नाही. दोन दिवस बघतो आणि परतीच्या एसटीत बसतो. त्याला ‘नाही’ म्हणता येतं. म्हणजे नाक्यावरचा भाव एकटा कंत्राटदार पाडत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या गरजेवर तो पडतो. आणि ती सोय आपल्याला का नाही, याचं उत्तर शहरात सापडणार नाही. ते इथं, या डोंगरावर आहे.

आणखी एक गोष्ट. असा माणूस सरकारी मोजणीत बेकार म्हणून धरतच नाहीत. आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलं असेल, तरी तो त्या आठवड्यापुरता कामावर असल्याचं लिहितात. नाक्यावर पाच दिवस नुसता उभा राहिलेला माणूस असा कागदावर कामगार होतो. बेकार बसणं गरिबाला परवडतच नाही. तो काहीतरी करतो, आणि म्हणून त्याची बेकारी कुणाला दिसत नाही.

एका घराचा हिशेब

मुकुंदवाडीकडं खोली करून राहिलेल्या आपल्याच एका जोडप्यानं हिशेब सांगितला. नवरा नाक्यावर. महिन्यात पंधरा दिवस काम, पाचशेच्या भावानं ७,५०० रुपये. बायको दोन घरची धुणीभांडी करते, ३,००० रुपये. मिळून १०,५००.

खोलीचं भाडं २,५००. वीज-पाणी ५००. किराणा, गॅस, भाजी ५,०००. रिक्षा-बस ८००. मोबाइल ३००. पोरगं तापानं पडलं, दवाखाना १,०००. झाले १०,१००. उरले चारशे.

या चारशे रुपयांसाठी पोरीची तिसरीची शाळा सुटली, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. गावचं रेशन गावात राहिलं. रेशनकार्ड आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालतं, हे त्यांना वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज मालक वेगळा, दाखला मागायचा कुणाला?

ती बाई म्हणाली, “हितं पैसा दिसतो, पन हातात राहत न्हाई. तिकडं पैसा दिसत न्हाई, पन भाकर राहती.” मग परत का येत नाही, असं विचारलं. म्हणाली, “येऊन कशावर यायचं? जमिनीचा कागद कुठं हाय?”

करमाडचे रूळ

जालन्याहून संभाजीनगरकडं येताना करमाड लागतं. २०२० साली तिथं काय झालं ते आपण विसरू नये, म्हणून पुन्हा सांगतो.

२४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. चार तास मिळाले. मजूर होते तिथे अडकले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले वीस जण दीड महिना वाट बघून ७ मे रोजी पायी निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, बहुतेक गोंड आदिवासी. गावाकडं जाणारी गाडी मिळेल या आशेनं रात्रभर रुळाच्या कडेनं चालले. गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळावरच टेकले आणि डोळा लागला. ८ मेच्या पहाटे, सव्वापाचच्या सुमारास, मालगाडी आली. सोळा जण गेले. सोबत बांधून घेतलेल्या चपात्या रुळावर विखुरल्या होत्या. तो फोटो आपल्यातल्या पुष्कळांनी बघितला आहे.

ते आपल्या नात्यातले नव्हते. त्यांची बोली वेगळी, राज्य वेगळं. पण जंगलातलं गाव सोडून कारखान्याच्या गेटवर यायची त्यांची वाट आणि आपली वाट एकच आहे. त्यांच्या हातांची शहराला गरज होती. हातांचं काम थांबल्यावर त्यांच्या पोटाची जबाबदारी मात्र कुणाची नव्हती. मग घर एवढं एकच ठिकाण उरलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. सरकारनं सांगितलं, अशी माहिती ठेवलेली नाही. एक कोटीहून जास्त मजूर आपापल्या राज्यांत परतले, हा आकडा मात्र त्याच अधिवेशनात दिला गेला. गेले किती ते मोजलं, मेले किती ते मोजलं नाही.

त्या महिन्यांत आपलीही माणसं वाळूजहून चालत आली. आठवतं ना? कुणी रात्री आलं, कुणी दोन दिवसांनी. पाय सुजलेले. गावाबाहेर झोपडीत चौदा दिवस बसवलं. तेव्हा त्यांना काय खायला घातलं आपण? याच डोंगरावरच्या तुकड्यातली बाजरी आणि तूर. ज्या जमिनीला लोक ‘अतिक्रमण’ म्हणतात, तिनं त्या वर्षी शहराचे बेकार पोसले.

कुलूप लागलं की दावा पडतो

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ.

आपल्या डोंगराला जे अभयारण्य १९८६ साली झालं, त्याचं नाव गौताळा औट्रम घाट. औट्रम हा इंग्रज. त्यानं १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. जंगलाच्या पाटीवर साहेबाचं नाव, कागदावर खात्याचं नाव. कसणाऱ्या भिल्लाचं, ठाकराचं, तडव्याचं नाव कागदावर यायचा रस्ता २००६ च्या वनहक्क कायद्यानं उघडला. काही जण सांगतात, आपला जिल्हा पेसात नाही म्हणून आपल्याला हक्क नाही. हे खोटं आहे. पेसा इथं नाही हे खरं, पण वनहक्क कायदा इथंही लागू आहे, अभयारण्यातही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. तो पोराबाळांकडं जातो, पण विकता येत नाही. म्हणजे सावकारालाही लाटता येत नाही.

कायदा चांगला आहे. पण तो घरी असलेल्या माणसाला उपयोगी पडतो.

बघा कसं ते. दाव्यांचा ठराव करायच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात. त्यात तिसरा हिस्सा बाया लागतात. शिवाय दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर लागतात. दिवाळीनंतर अर्धी वस्ती फडावर असते. मग गणपूर्ती कुठून होणार? वनहक्क समिती जागेवर पाहणीला जाते, तेव्हा बांध, विहीर, जुनी झोपडी, आजोबाची समाधी दाखवायची असते. पंचनाम्यावर सही करायची असते. दावेदारच नसेल तर कुणी दुसराच लिहून जातो, ‘जागेवर वहिवाट दिसून आली नाही’. आणि एकदा पडीक राहिलेला तुकडा खरोखरच पडीक दिसतो.

दावा फेटाळला तर कारणासह लेखी कळवावं लागतं, तेही दावेदाराला स्वतःला. त्यानंतर वरच्या समितीकडं अपील करायला साठ दिवस असतात. उसाचा हंगाम किती दिवसांचा? चार-पाच महिन्यांचा. पलीकडच्या वस्तीवरचं एक घर गेल्या हंगामात कोयत्यावर गेलं होतं. परत आले तेव्हा कागद दाराच्या फटीत खोचलेला, उंदरानं कडा कुरतडलेल्या. तारीख बघितली तर साठ दिवस कधीच होऊन गेले होते. आता उशीर माफ करा म्हणून अर्ज केलाय, पण हेलपाटे चालूच आहेत. त्या घरानं जंगल तोडलं नव्हतं, खोटा दावा केला नव्हता. ते फक्त घरी नव्हतं.

फेटाळलेला दावा म्हणजे नुसता कागद आहे असं समजू नका. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टानं फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून काढायचा हुकूम दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली म्हणून आपण वाचलो. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे.

तर फेरा असा आहे. जमिनीचा कागद नाही म्हणून आपण जातो. आपण जातो म्हणून कागद होत नाही. कागद नाही म्हणून नाक्यावर साडेतीनशेला मान हलवतो. आणि साडेतीनशेत भागत नाही म्हणून पुन्हा उचल घेतो. या फेऱ्यात कुठंतरी पाय रोवायचा असेल तर तो फडावर रोवता येत नाही, नाक्यावर येत नाही. तो इथंच रोवता येतो.

पोरं काय म्हणतात

शिकलेली पोरं म्हणतात, “दोन एकर खडकात काय पिकतं? आम्ही जन्मभर इथंच बाजरी राखत बसायचं का?” प्रश्न खरा आहे. उत्तरही खरं द्यायला हवं. दोन एकर खडकावर घर चालत नाही. आम्ही तसं कधी म्हटलं नाही. पण पट्टा झाला की त्या जमिनीवर बांधबंदिस्ती मागता येते, विहीर मागता येते. सामूहिक हक्क मिळाला तर तेंदूपान, डिंक, सीताफळ आपण विकू, व्यापारी सांगेल त्या भावानं देणार नाही. आणि ज्याला शहरातच राहायचं आहे, त्यानं खुशाल जावं. आयटीआय करावं, नर्सिंग करावं, ड्रायव्हर व्हावं. आमची एकच विनंती आहे की हातात काहीतरी घेऊन जा. मागं जमीन असलेला पोरगा गेटवर उभा राहिला तर कंत्राटदाराशी दोन शब्द सरळ बोलतो. मागं काही नसलेला पोरगा पाया पडतो. जमिनीची लढाई फक्त शेती करणाऱ्यांची आहे असं म्हणून शहरात जाणाऱ्यानं तिच्यातून अंग काढून घेऊ नये. त्याच्या मजुरीचीही ती लढाई आहे.

आज ठरवायच्या गोष्टी

पहिली. ज्या घराचा दावा पाहणीला किंवा अपिलात आहे, त्या घराला यंदा कुलूप लागू नये. एक तरी मोठं माणूस मागं राहील. म्हातारीवर सगळं टाकून जायचं नाही. राहणाऱ्याची मजुरी बुडते हे आम्हाला कळतं. म्हणून सुचवतो की जाणाऱ्या चार घरांनी मिळून राहणाऱ्या एका घराला महिन्याचं धान्य द्यावं. तो माणूस चौघांच्या जमिनीवर नजर ठेवेल, चौघांच्या नोटिसा घेईल. कोण कुणाचं धान्य भरणार, ते आजच नावानिशी लिहू.

दुसरी. उद्याच ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या कामाची मागणी करू. नमुना ४ भरायचा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. मागणीपासून पंधरा दिवसांत काम दिलं पाहिजे, नाही तर बेकारी भत्ता लागतो. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? यंदाचा दर २७३ रुपये आहे, कायद्यात शंभर दिवस आहेत. ज्या आदिवासी घराकडं वनहक्काच्या पट्ट्याशिवाय दुसरी जमीन नाही, त्याला आणखी पन्नास दिवस मागता येतात. बाहत्तरच्या दुष्काळात इथं बसलेल्या आजीनं खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या वेळी मराठवाड्यातल्या मजुरांनी काम मागितलं. पुढं १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ साली सगळ्या देशासाठी झाला. मागितल्याशिवाय तेव्हाही मिळालं नाही.

तिसरी. वस्तीची एक वही. जो जाईल त्याचं नाव, कुठं गेला, मुकादम किंवा कंत्राटदार कोण, फोन नंबर, गाडीचा नंबर, उचल किती. करमाडला जे झालं तसं काही झालं तर ‘माहिती ठेवलेली नाही’ असं आपल्याला म्हणायला लागू नये. आपली माहिती आपण ठेवू. पोरांना हंगामी वसतिगृहात ठेवता येतं का, त्याची नोंदही याच वहीत करू.

चौथी. वस्तीत कुठलाही सरकारी कागद आला की तो त्याच दिवशी वनहक्क समितीच्या सचिवाकडं. आल्याची तारीख वहीत, साठावा दिवस कोणता ते त्याच्यापुढं. ज्याचा कागद त्याला फोन. फडावर असेल तर तिथून निघून यायचं. भाड्याचे पैसे संघटनेच्या पेटीतून देऊ.

पाचवी, शहरात असणाऱ्यांसाठी. एका वस्तीची माणसं एका नाक्यावर उभी राहत असतील तर त्यांनी आपसात भाव पाडू नये. आकडा तुम्हीच ठरवा. आम्ही इथून सांगणार नाही, कारण भाडं तुम्हाला भरायचं आहे. पण एकदा ठरला की सगळ्यांचा एकच. आणि जो नवीन येईल त्याला पहिले चार दिवस आपल्या खोलीत जेवू घाला. पहिल्या चार दिवसांतच माणूस साडेतीनशेला तयार होतो.

साथींनो, मुकादम उद्याही येणार आहे. त्याच्या खिशात रोख पैसे असतात आणि आपल्या हातात कागदाची नुसती आशा असते. हे आम्हाला कळत नाही असं नाही. ज्याला जावं लागेल तो जाईल. फक्त जाण्याआधी आज रात्री घरात बसून एवढं ठरवा की मागं कोण राहणार. ते नाव उद्या सकाळी वहीत लिहून द्या. वही इथंच, समाजमंदिराच्या ओट्यावर असेल.

जंगल आपलं, जमीन आपली, वहीही आपली.

जिंदाबाद!